घंगाळ आणि टब

'टब' या वस्तूला मराठीत स्वतःचे नाव नाही. कोशकाराच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक असेल. संस्कृतीच्या अभ्यासकाला मात्र ती विचार करावयास लावते. मराठीत घंगाळ आहे, बंब आहे, हंडा, कळशी, बादली, डोण आणि हौद आहेत. परंतु माणसाने ज्यात अंग बुडवून बसावे असे भांडे मराठी घराने नित्याच्या स्नानासाठी कधी ठेवलेच नाही. अशा स्नानाची कल्पना आपल्याकडे नव्हती असे नाही. चरकाने सांगितलेल्या तेरा प्रकारच्या स्वेदांत औषधी काढ्यात बसण्याचा 'अवगाह' आहे. पण तो उपचार होता, नित्यकर्म नव्हे. बुडी मारावयाची ती नदीत किंवा तळ्यात. घरी पाणी अंगावर ओतून घ्यावयाचे आणि अंगावरून गेलेले पाणी मोरीतून निघून जावयाचे. अंगाला लागलेले पाणी पुन्हा अंगाला लागू नये, हा त्यामागचा संकेत.

स्नानाच्या या दोन पद्धती एकाच गावात शेजारी शेजारी नांदलेल्या पाहावयाच्या असतील तर झाशीइतके चांगले स्थळ सापडणे कठीण. ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला तेथील किल्ला १७४२ मध्ये नारो शंकरांच्या हाती आला आणि त्यांनी त्याचा विस्तार केला. पुढे नेवाळकरांच्या अमलात कोकणातील व देशावरील कितीतरी कुटुंबे तेथे स्थिरावली. पूजेची उपकरणे, पंचांग आणि श्लोक यांच्याबरोबर त्यांची तांब्याची घंगाळेही बुंदेलखंडात आली. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. त्यानंतर चार दशकांनी, १८९५ मध्ये, झाशीला रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि शहराच्या कोटाबाहेर साहेबांच्या बंगल्यांची एक निराळीच वस्ती वाढली. तेथील न्हाणीघरांत आधी भिश्त्याने भरावयाचे पत्र्याचे टब होते, मग नळ आले आणि त्यांच्याबरोबर बिडाचे, पांढऱ्या मिन्याचे टब आले. कोटाच्या आत घंगाळ, कोटाबाहेर टब अशी ही वाटणी बरीच वर्षे टिकली.

पुढे बंगल्यांतील सामान मोडीत निघू लागले तेव्हा ती बिघडली. कारखान्यातील एका मराठी कारकुनाने लिलावात असा एक टब विकत घेतला आणि चार हमालांकरवी कोटाच्या आतल्या आपल्या घरी आणविला. बिडाचा टब शंभर-सव्वाशे किलो भरतो. दारातून आत घेताना त्याने चौकटीचा एक कोपरा उडविला, तो आजही तसाच आहे. टबात स्नान मात्र कोणी केले नाही. एक टब भरावयास दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते; तेवढ्यात पाच-सहा माणसांची स्नाने बादलीने होतात. ज्या मुलखात वैशाखात विहिरीचा तळ दिसतो आणि नळाला ठराविक वेळीच पाणी येते तेथे ही चैन कोणी करावी? घराने टबाचा हौद केला. सकाळी नळ आला की तो भरावयाचा, दिवसभर त्यातून पाणी उपसावयाचे, आणि त्याच्या शेजारी, पाटावर, आजोबांच्या वेळचे घंगाळ. कारकून गेले. त्यांचा मुलगा शिक्षक होऊन निवृत्त झाला. टब आणि घंगाळ तशीच राहिली.

पाण्यात तांबूस छटा दिसू लागली तेव्हा या निवृत्त मास्तरांनी टब रिकामा करून उजेडात पाहिला. तळाचा मिना सायीसारखा निस्तेज झाला होता. निचऱ्याच्या तोंडाभोवती तो उडून लोखंड उघडे पडले होते. कडांना वडिलांनी कधी काळी दिलेल्या पांढऱ्या तैलरंगाची पापुद्रे सुटलेली पुटे लोंबत होती. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले, "बाबा, तो भंगारात द्या. प्लॅस्टिकची टाकी आणून बसवा." सल्ला व्यवहारी होता. परंतु तो टब जागेवरून हलवावयाचा तर भिंत फोडावी लागली असती, आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबात भिंत बसत नव्हती. टबाचे बीड मात्र ठोकून पाहिले तर खणखणीत होते. झिजला होता तो केवळ वरचा थर.

हा थर का झिजला, याचे उत्तर त्याच्या शेजारच्या घंगाळात आहे. घंगाळ आरपार तांब्याचे असते. चिंच, राख, विटकरीची भुकटी यांनी ते घासले की काळा पडलेला पृष्ठभाग निघतो आणि खाली तेच तांबे पुन्हा उजळते. शंभर वर्षे घासले तर ते पातळ होईल, पण त्याची जात बदलणार नाही. बूड फारच झिजले तर तांबट डाख देऊन ठिगळ लावतो किंवा नवे बूड बसवितो. मिन्याचा टब तसा नाही. त्याच्या अंगावर असते ती काच. काचेची बारीक भुकटी बिडावर पसरून आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत वितळविली म्हणजे ती लोखंडाला घट्ट धरून बसते. तिच्या गुळगुळीतपणामुळेच मळ तिला चिकटत नाही. अशा काचेला राखेने घासणे म्हणजे रोज तिच्यावर सूक्ष्म ओरखडे काढणे. त्या ओरखड्यांत मळ बसतो, म्हणून अधिक जोराने घासावयाचे, म्हणजे ओरखडे अधिक. चिंचेचे आम्ल फार वेळ राहिले तर तेही तिचे तेज खाते. या घरातील स्त्रियांनी दोन पिढ्या टबाला घंगाळासारखेच घासले होते. त्यात हयगय मुळीच नव्हती, उलट परिश्रम होते. पण एका वस्तूचा धर्म दुसरीला लावला गेला होता. दोन भाषांतील कृती एकाच मापाने मोजणाऱ्या समीक्षेच्या हातूनही हेच घडते. तेथेही तक्रार निष्काळजीपणाची नसते. निष्ठा चुकीच्या पृष्ठभागावर खर्च झालेली असते.

वरचा थर नवा करणे ही कल्पना मात्र मराठी घराला परकी नाही. कल्हई ही तीच कल्पना. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यावयाचा. कल्हईवाला जमिनीत खळगा खणून कोळसे पेटवी, भात्याने फुंकी, भांडे तापवी आणि नवसागराची पूड आत टाकी. तापलेल्या नवसागरातून निघणारे आम्ल धातूवरचा गंज खाऊन टाकते आणि पृष्ठभाग निर्मळ होतो. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवावयाची. २३२ अंशांना वितळणारे कथील पाण्यासारखे पसरते. कापसाच्या बोळ्याने ते क्षणात सगळीकडे फिरविले आणि भांडे गार पाण्यात बुडविले की झाले. हा थर फार तर काही महिने टिकतो, आणि यातच त्याचा शहाणपणा आहे. तो टिकाऊ असल्याचा आव आणीत नाही. खालचे तांबे शाबूत ठेवून तो पुन्हा पुन्हा देता येतो.

तरीही कल्हईच्या व्यवहारात एक काळी बाजू होती. कथील महाग, शिसे स्वस्त. दोन्ही मिसळली तर मिश्रण आणखी कमी उष्णतेला वितळते, काम सोपे होते आणि डोळ्यांना फरक सहसा कळत नाही. असे भांडे स्वस्तात उजळून मिळे. पण त्या स्वस्ताईची उरलेली किंमत त्या भांड्यात आंबट वरण शिजवून खाणारा देत असे, कारण शिसे आम्लात उतरते आणि शरीरात साचत जाते. नवसागराचा तो दाट पांढरा धूरही कोणाच्या तरी छातीत जात होता. गृहिणीने घासाघीस करून ठरविलेल्या दरात त्याचा हिशेब धरलेला नसे. काटकसर आणि स्वस्ताई यांतला भेद येथे दिसतो. काटकसर करणारा आपल्याच खर्चात कपात करतो. स्वस्ताईत खर्च पुष्कळदा कमी होतच नाही. तो दुसऱ्याच्या नावे पडतो.

मास्तरांच्या टबाच्या बाबतीत हा भेद लवकरच प्रत्यक्षात उभा राहिला. भट्टीतला मिना घरी पुन्हा देता येत नाही. त्याऐवजी आता दोन भागांचा इपॉक्सी लेप मिळतो. एका डब्यात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारे द्रव्य. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळली की काही वेळातच लेप बांधू लागतो. नवा टब आणण्याच्या मानाने हा खर्च फार थोडा. ओळखीच्या रंगाऱ्याने आपल्या पुतण्याला पाठविले. विशीतला मुलगा, हाताने हुशार. त्याने टब पाहिला, तैलरंगाची पुटे नखाने उचलून पाहिली आणि बुंदेली वळणाच्या हिंदीत सांगितले, "मास्टरसाब, घासत बसलो तर तीन दिवस जातील. मी औषध आणतो. टाकले की तासाभरात सगळे फुगून वर येते. मजुरी एकाच दिवसाची."

मास्तरांना ते पटले होते. त्यांची मुलगी रसायनशास्त्र शिकविते. ती त्या दिवशी माहेरी आलेली होती. तिने 'औषधा'च्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचले आणि बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, यात मिथिलीन क्लोराइड आहे. आपल्या मोरीला वीतभर खिडकी आहे. त्या मुलाला आत पाठवू नका."

तिचे म्हणणे निराधार नव्हते. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबांना नवा लेप देणाऱ्या तेरा कामगारांचे मृत्यू याच द्रव्याने झाल्याचे तेथील शासकीय आरोग्यसंस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागील कारण टबाच्या आकारातच आहे. या द्रव्याची वाफ हवेपेक्षा जड असते. उघड्या मैदानात ती पसरून जाते, पण टबात ती पाण्यासारखी साचते. आणि कामगाराला खरवडण्यासाठी नेमके टबात डोके घालून वाकावे लागते. आधी गुंगी येते, मग श्वास थांबतो. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा मुखवटा या वाफेपुढे व्यर्थ ठरतो. अमेरिकेने २०१९ मध्ये रंग उतरविण्यासाठी हे द्रव्य सामान्य ग्राहकाला विकण्यास बंदी केली. त्या तेरा माणसांनी कोणाचे तरी न्हाणीघर कमी खर्चात शुभ्र करून देण्याचे काम अंगावर घेतले होते.

मास्तरांनी डबा परत पाठविला. मुलगा थोडा खट्टू झाला. आपल्या हुशारीवर अविश्वास दाखविला असे त्याला वाटले असावे. "मजुरी तीन दिवसांची घे," मास्तर म्हणाले, "आणि दार उघडे ठेवून काम कर, बेटा." तीन दिवसांची मजुरी ही त्यांच्या महिन्याच्या हिशेबात लहान रक्कम नव्हती. त्या महिन्यात घरी येणारी दोन मासिके बंद झाली.

मग जे काम झाले ते हातांचे आणि धीराचे होते. सुटलेली पुटे बोथट पात्याने काढली. जी घट्ट धरून होती ती पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून सपाट केली. पाण्याने घासल्यामुळे धूळ उडाली नाही. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून याला महत्त्व होते. निचऱ्याभोवतीचा गंज धातूची चकाकी दिसेपर्यंत खरवडला, कारण मिन्याखाली गंज थोडा जरी राहिला तरी तो कडेकडेने आत सरकतो आणि नवा लेप उचलतो. कठीण पाण्याचा चुना सौम्य आम्लाने काढून लगेच धुतला. मग सगळ्या टबाला बारीक पॉलिश पेपरने मुद्दाम खरखरीतपणा दिला. गुळगुळीत काचेवर काहीच चिकटत नाही. नवा थर धरावयाचा असेल तर जुन्याने आपली उरलीसुरली झिलई सोडावी लागते. खड्ड्यांत इपॉक्सीची लांबी भरून ती सपाट केली आणि टब दोन दिवस कोरडा होऊ दिला.

येथे झाशीचे हवामान अनुकूल ठरले. फाल्गुन संपत आला होता. हवा कोरडी होती, पण ऊन अजून भाजत नव्हते. पावसाळ्यात दमटपणामुळे लेपावर धुरकट साय येते. ज्येष्ठात, पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, मिसळलेला लेप डब्यातच आवळून बसतो. सकाळी लवकर, थोडा थोडा लेप मिसळून, फवाऱ्याऐवजी ब्रशाने आणि रोलरने पातळ थर दिले. फवारा अधिक गुळगुळीत दिसतो हे खरे. पण त्याचे तुषार श्वासावाटे आत जातात, आणि ब्रशाच्या किंचित खुणांनी पाण्याचे काही बिघडत नाही. लेप पूर्ण घट्ट होण्यासाठी आठवडाभर टबात पाणी घातले नाही. तो आठवडा घराने बादल्या, हंडे आणि घंगाळ भरून काढला. टब या घरात किती काम करीत होता हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले.

झाशीच्या मराठी घरांत भांड्यांना एवढा जीव का लावला जातो, याला इतिहासाचाही आधार आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजा शहरात शिरल्या तेव्हा पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे तेथे होते. 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी लुटीचे जे वर्णन केले आहे त्यात लुटीलाही एक क्रम दिसतो: सोन्यारुप्याची पाळी झाल्यावर तांब्यापितळेच्या भांड्यांची पाळी आली. ज्या शहरात स्वयंपाकघरे अशी रिकामी झाली, तेथे पुढे जमविलेले प्रत्येक घंगाळ हे संसार पुन्हा उभा केल्याची खूण असणार. मास्तरांच्या घरातले घंगाळ दिवाळीत बाहेर निघते. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच्याभोवती रांगोळी काढतात आणि त्यातल्या ऊन पाण्याने अभ्यंगस्नान होते. बाकी वर्षभर घरात बुंदेली आणि हिंदी बोलणारी नातवंडे त्या पहाटे 'उटणे', 'घंगाळ', 'मोती साबण' हे शब्द आवर्जून मराठीत उच्चारतात.

गोडशांच्या पुस्तकाची कथाही या विषयापासून फार दूर नाही. त्यांनी आपल्या आठवणी चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिल्या, आणि वैद्यांनी त्या १९०७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या आवृत्तीने मराठी वाचकाला हा ग्रंथ दिला, याबद्दल तिचे ऋण मोठे आहे. परंतु वैद्यांनी मजकुरावरून बराच हात फिरविला होता, हे दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे स्पष्ट झाले. दरम्यान अमृतलाल नागरांनी हा ग्रंथ हिंदीत नेला होता. वैद्यांना दोष देणे आज सोपे आहे. परसत्तेच्या काळात १८५७ विषयी मराठीत काही छापणे ही साधी गोष्ट नव्हती. तरी संपादकाचे काम आणि त्या रंगाऱ्याच्या पुतण्याचे काम यांत एक प्रश्न सारखाच आहे. सुटलेले काय आणि अजून धरून असलेले काय? सुटलेले काढलेच पाहिजे, नाहीतर नवा थर टिकत नाही. पण एका तासात सगळेच फुगवून वर आणणारे औषध हा भेद जाणत नाही. त्याची किंमत मजकुराच्या बाबतीत अशा लेखकाला द्यावी लागते, जो तक्रार करावयास उरलेला नसतो. वैद्यांनी हस्तलिखित नष्ट केले नाही, म्हणूनच साठ वर्षांनी पोतदारांना ते वाचता आले. खालचे तांबे शाबूत होते.

टबावरचा नवा लेप काही वर्षे टिकेल. तो मिना नाही, आणि मास्तरांनी घरात कोणाला तसे सांगितलेलेही नाही. त्याला राख, चिंच आणि काथ्या वर्ज्य आहेत. मऊ फडके आणि सौम्य साबण एवढेच. लोखंडी बादली त्यात आपटावयाची नाही. या नव्या नियमांची सर्वांत अधिक अडचण झाली ती घरातल्या आजींना. हात सत्तर वर्षांच्या सवयीने राखेच्या डब्याकडे जातो. शेवटी सुनेने तो डबा घंगाळाच्या बाजूला, टबापासून दूरच्या कोनाड्यात हलविला. आता घंगाळ चिंचेने उजळते आणि टब फडक्याने पुसला जातो. एकाच मोरीत दोन रीती चालतात, आणि आजी सुनेला अधूनमधून विचारतात, "अगं, हे कशाने घासायचं म्हणालीस?"

रंगाऱ्याचा पुतण्या महिन्याभराने सहज म्हणून पाहावयास आला. त्याने लेपावर नख मारून पाहिले, कानाशी वाकून टकटक केले आणि समाधानाने मान हलविली. जाताना त्याने मास्तरांच्या मुलीने तेव्हा वाचून दाखविलेले त्या द्रव्याचे नाव कागदावर लिहून मागितले. सीपरी बाजाराच्या बाजूला त्याला आणखी एका जुन्या बंगल्यातले काम मिळाले होते. तेथे काकांनी तेच औषध आणावयास सांगितले होते. मास्तरांनी नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे, मोठ्या अक्षरांत लिहून दिले. मुलाने कागदाची घडी करून ती खिशात ठेवली.